चितळे मास्तर राजीनामा का देत नाहीत?

कॉलेज सोडलं त्या दिवशी परत करायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं. ग्रंथालयाची दोन पुस्तकं, कपाटाची किल्ली आणि नॅकच्या फायलींचा एक पेन ड्राइव्ह. तासिका तत्त्वावरच्या माणसाचा राजीनामा कुणी घेत नाही. त्याची ऑर्डरच काही महिन्यांची असते, त्यामुळे सोडून जायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी यायचं नाही, एवढंच. जानेवारी होता. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी चहा मागवला. चहा संपता संपता ते म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या पिढीत ती तळमळ नाही हो. आमच्या वेळचे मास्तर..."

पुढचं वाक्य मला पाठ होतं. तुम्हालाही असेल.

सर वाईट माणूस नव्हते. पण तो 'तळमळ' शब्द माझ्याबरोबर एसटीत बसून पुण्यापर्यंत आला. मी पाच वर्षं शिकवलं होतं. दोन वर्षं एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत आणि सेट झाल्यावर तीन वर्षं त्या कॉलेजात सीएचबीवर. आता मी एका अ‍ॅपसाठी मराठी व्याकरणाचे बहुपर्यायी प्रश्न लिहिते. एक तारखेला पगार होतो. पहिल्यांदा झाला तेव्हा बँकेचा मेसेज मी दोनदा वाचला होता.

बीएडच्या आमच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून चालू आहे. त्यात एक जण बँकेत आहे, एकाचं झेरॉक्सचं दुकान आहे, दोघी घरी आहेत, तिघं अजून स्पर्धा परीक्षा देतात. शिकवतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दर पाच सप्टेंबरला मात्र हा ग्रुप एकदम शिक्षकांचा होतो. सकाळी सात वाजल्यापासून पु. लं.चे चितळे मास्तर फॉरवर्ड व्हायला लागतात.

या वर्षी तो फॉरवर्ड आला तेव्हा मी 'व्यक्ती आणि वल्ली' काढून तो लेख पुन्हा वाचला. मग एकामागून एक, मास्तर ज्यांत आहेत अशी जी पुस्तकं माझ्याकडे होती ती सगळी वाचली. एकच गोष्ट शोधत होते. नोकरीला लागून दोन-चार वर्षांत बाहेर पडणारा तरुण शिक्षक मराठीत कुठे आहे? आणि असेल, तर तो का बाहेर पडतो?

चितळे मास्तरांपासूनच सुरुवात करते, कारण आपल्या डोक्यातला मास्तर तिथून येतो. लेख अजूनही सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. शाळा सुटल्यावर घरी बोलावून फुकट शिकवणारे, पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या ओळखणारे मास्तर, आणि वाचून झाल्यावर डोळ्यांसमोर राहणाऱ्या त्या झिजलेल्या वहाणा. पण या वेळी मला एक वेगळीच गोष्ट दिसली. हा लेख बाकावरून लिहिलेला आहे. मास्तरांबद्दल आपल्याला जे कळतं ते सगळं एका विद्यार्थ्याला दिसलेलं, आणि मोठेपणी आठवलेलं आहे. विद्यार्थ्याला वहाणा झिजलेल्या दिसतात. त्या का झिजल्या, नव्या का आल्या नाहीत, याचा घरातला हिशेब बाकावरून दिसत नाही. मास्तर रात्री दिवा मालवताना काय विचार करत असतील, त्यांना कधी दुसरं काही करावंसं वाटलं असेल का, हे प्रश्न त्या लेखाच्या चौकटीत बसतच नाहीत. आणि मास्तरांची नोकरी जाईल, पुढच्या वर्षी ऑर्डर येणार नाही, अशी भीती तर त्यात कुठेच नाही. मास्तर शाळेत आहेत ते डोंगर गावात असावा तसे.

म्हणून चितळे मास्तर राजीनामा देत नाहीत. त्यांची तळमळ जास्त आहे हे तर खरंच, पण आठवणीतला माणूस नोकरी सोडू शकत नाही हेही तितकंच खरं.

गंमत म्हणजे स्वतः पु. लं.नी शिकवणं सोडलं. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात आणि मुंबईच्या कीर्ती कॉलेजात ते प्राध्यापक होते, पुढे आकाशवाणीत गेले. आणि मराठी शिक्षकाचा जो सगळ्यात मोठा आदर्श, ते साने गुरुजी? १९२४ मध्ये अमळनेरच्या हायस्कुलात लागले, वसतिगृह सांभाळलं, मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढलं, आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. म्हणजे सहा वर्षं. 'श्यामची आई' लिहिलं तेव्हा ते शिक्षक नव्हते, नाशिकच्या तुरुंगात होते. आपण ज्यांना आयुष्यभर 'गुरुजी' म्हणतो ते तिशीतच वर्गातून बाहेर पडले होते. मी माझी पाच वर्षं त्यांच्या सहा वर्षांशेजारी ठेवत नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण देशासाठी सोडलं की त्याग आणि घरभाड्यासाठी सोडलं की तळमळ कमी, ही फूटपट्टी कुणी बनवली, असं विचारावंसं वाटतं.

ती फूटपट्टी सगळ्यात नीट दिसते व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'मध्ये. १९७२ चा सिनेमा. लावणीसाठी सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली मास्तरची गोष्ट विलक्षण क्रूर आहे. श्रीराम लागूंचा आदर्श मास्तर तमाशातल्या बाईच्या नादाला लागतो. एका खुनानंतर गावाला वाटतं की मेला तो मास्तरच. गाव त्याचा पुतळा उभारतं. आणि पुढे खऱ्या, जिवंत मास्तरला मास्तरचाच खून केल्याच्या आरोपावरून पकडतात. तोही खरं सांगत नाही. गावाच्या मनातला आदर्श मोडू नये म्हणून फाशी पत्करतो.

सिनेमा हे उदात्त म्हणून दाखवतो. मला आता ते तसं बघवत नाही. गावाला पुतळा हवा आहे आणि पुतळ्याच्या आड येणारा माणूस नको आहे, एवढंच मला त्यात दिसतं. मास्तरनं शाळा सोडली असेल, त्याला कंटाळा आला असेल, तो कुणाच्या प्रेमात पडला असेल, यातलं काहीही गावाला ऐकून घ्यायचं नाही. मराठी सिनेमात मास्तरचं बाहेर पडणं हे इतकी वर्षं पतनच राहिलं. साधा राजीनामा त्याला मिळालाच नाही.

बाकावरून बघणारी पुस्तकं पुढेही येत राहिली. मिलिंद बोकिलांची 'शाळा' माझी लाडकी आहे, आणि ती नववीतल्या मुकुंद जोशीच्या डोळ्यांनीच लिहिलेली असल्यामुळे तिच्याकडून वेगळी अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. मला हवं होतं टेबलाच्या अलीकडून लिहिलेलं काहीतरी. तशी तीन नावं माझ्या हाती लागली, आणि तिन्ही कादंबरीकार स्वतः शिक्षकी पेशातले निघाले, हा योगायोग नसावा.

पहिली, सदानंद देशमुखांची 'बारोमास'. २००२ ची. तिला साहित्य अकादमी मिळालं आणि ती शेतकऱ्याची कादंबरी म्हणून वाचली जाते. ती तशी आहेच. पण तिचा नायक एकनाथ शिकलेला आहे, शिक्षक व्हायच्या तयारीचा आहे, आणि शेतात आहे, कारण संस्थेला द्यायला डोनेशन नाही. म्हणजे हा पेशा सोडणारा शिक्षक नव्हे, दाराबाहेरच उभा राहिलेला शिक्षक. त्याची इथे गरज काय, असं वाटेल. पण जे आत गेले तेही याच दारातून गेले. शेत विकून किंवा गहाण ठेवून जो आत जातो, तो पहिल्या दिवशी वर्गात जातो तेव्हाच कर्जात असतो. त्याला वाटलं तरी सोडता येत नाही. आणि ज्याला देता आलं नाही तो माझ्यासारखा विनाअनुदानितवर, सीएचबीवर, 'पुढे बघू' या दोन शब्दांवर लागतो. त्याला राहावंसं वाटलं तरी राहता येत नाही. एकनाथच्या घरात नवरा-बायकोमध्ये जी तेढ येते ती मी माझ्या दोन सहकाऱ्यांच्या घरी बघितली आहे. शिकलेल्या माणसाला पैसे मिळत नाहीत ही गोष्ट घरात कुणालाच समजावता येत नाही, बायकोला तर नाहीच.

थोडं आकड्यांचं बोलते, कारण 'तळमळ' या शब्दाशी आकड्यांशिवाय भांडता येत नाही. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३,००० रुपये. पुढे ते ६,००० झालं. १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. 'सेवक' हा शब्द ज्यानं शोधला त्याचं मला कौतुक वाटतं. सेवा म्हटलं की पगाराचं बोलणंच खुंटतं. आणि ही झाली मंजूर पदांची गोष्ट. मे २०१२ मध्ये शिक्षकभरती बंद झाली. मग डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. ज्या मुलांनी २०१२ मध्ये डीएड केलं, त्यांची उमेदीची वर्षं या दोन तारखांच्या मध्ये गेली. विनाअनुदानितमध्ये तर मानधनाचा आकडाही नक्की नसतो. माझ्या पहिल्या शाळेत मी सही एका आकड्यावर करायचे आणि हातात दुसराच यायचा.

तरीही पैसा हे अर्धंच कारण आहे असं मला वाटतं. उरलेलं अर्धं कारण मला दुसऱ्या कादंबरीत सापडलं.

रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' ही २००५ ची. तिच्यावर सिनेमाही निघाला. ज्यांनी सिनेमाच बघितला आहे त्यांनी कादंबरी जरूर वाचावी, कारण तिचं हसू वेगळं आहे. विषय साक्षरता अभियानाचा. प्रौढांना साक्षर करायचं काम प्राथमिक शिक्षकांच्या गळ्यात पडतं. वर्ग भरत नाहीत, पण कागद भरतात. निरक्षर माणसं कागदोपत्री साक्षर होत जातात. वरून कागद मागतात, खालचे कागद देतात, आणि सगळी यंत्रणा गंभीर चेहऱ्यानं एकमेकांचं खोटं तपासत राहते. ही विनोदी कादंबरी म्हणून ओळखली जाते. मी शाळेत लागायच्या आधी वाचली तेव्हा मीही पोट धरून हसले होते.

दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं नाही. नॅकची समिती येणार होती त्या वर्षीची गोष्ट सांगते. आमच्या कॉलेजात पाच वर्षांची इतिवृत्तं तयार करायची होती. ज्या समित्यांच्या बैठका कधी झाल्याच नव्हत्या, त्यांची. तरुण माणसं, मराठी चांगलं, टायपिंग येतं, म्हणून ते काम आम्हा सीएचबीवाल्यांकडे आलं. माझ्या वाट्याला आली तक्रार निवारण समिती. मी जोडले गेले त्याच्या आधीच्या वर्षांचीही इतिवृत्तं मी लिहिली. वेगवेगळ्या तारखा, थोडी वेगवेगळी भाषा, कुणाला शंका येऊ नये म्हणून एका बैठकीत दोन सदस्य गैरहजर. प्रत्येक इतिवृत्ताचा शेवट एकच होता. या कालावधीत एकही तक्रार प्राप्त झाली नाही.

त्या वेळी आमचं मानधन सात महिन्यांपासून थकलं होतं.

उत्रादकरांचे शिक्षक आळशी किंवा भ्रष्ट म्हणून खोटे कागद करत नाहीत, हे त्या कादंबरीचं मोठेपण आहे. ते करतात कारण ते हुशार आहेत, आज्ञाधारक आहेत आणि त्यांना लिहिता येतं. म्हणजे ज्या गुणांमुळे माणूस चांगला शिक्षक होतो, तेच गुण इथे वापरले जातात. शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं म्हटलं आहे, पण कागदाला कुणी अशैक्षणिक म्हणत नाही. तो शैक्षणिकच असतो. त्याच्यावर 'गुणवत्ता' असा शब्द असतो.

एक तक्रार मात्र आहे. ही कादंबरी तिच्या शिक्षकांना बाहेर पडू देत नाही. हसणं हाच त्यांचा मार्ग आहे. कायम नोकरीतल्या माणसाला हसून दिवस काढता येतात, हेही खरंच. आमचे कायम झालेले सरही नॅकच्या काळात खूप विनोद करायचे. आम्हाला ते विनोद कळायचे, पण परवडायचे नाहीत.

आता भालचंद्र नेमाडे. खरं तर लेख इथूनच सुरू करायला हवा होता. 'कोसला' सगळे वाचतात. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलातही 'कोसला' असते. पण त्यानंतरचं चांगदेव चतुष्टय, म्हणजे 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल', हे १९७५ ते १९७९ या काळात आलं आणि ते वाचणारे माझ्या वयाचे फार कमी भेटतात. ज्यांना नोकरीला लागून तीन वर्षं झाली आहेत आणि रविवारी संध्याकाळी पोटात खड्डा पडतो, त्यांनी हे चारही खंड वाचावेत. शिक्षक नसाल तरी चालेल.

चांगदेव पाटील हा खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. मुंबईत शिकतो, तिथल्या लेखक मित्रांमध्ये वावरतो, मग इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून आडगावच्या कॉलेजात लागतो. तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. बिढार म्हणजे पाठीवर घेऊन फिरायचा संसार, आणि चांगदेवचा संसार खरोखरच तेवढाच आहे. नवं गाव, नवी खोली, नवे प्राचार्य, आणि नव्या स्टाफरूममध्ये तोच जुना पहिला प्रश्न, जो थेट कुणी विचारत नाही पण आडनावावरून, गावावरून, जेवणावरून काढून घेतात. संस्था कुणाच्या जातीची, प्राचार्य कुणाचा माणूस, कोण कुणाच्या गटात, हे कळेपर्यंत नवा प्राध्यापक काही बोलू शकत नाही, आणि कळल्यावर त्याला बोलावंसं वाटत नाही.

नेमाड्यांनी जे पकडलं ते मला आणखी कुठे सापडलेलं नाही. तरुण शिक्षक एका मोठ्या अन्यायामुळे सोडत नाही. तो झिजतो. रोज थोडं. परीक्षेचं सुपरव्हिजन, गॅदरिंगची समिती, संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस, भाड्याची खोली, खानावळ, कुणाच्या तरी बदलीची कुजबुज. कादंबरीत यातल्या एकेका गोष्टीची नोंद इतक्या संथपणे येत राहते की मध्येच वाचकालाही सोडून जावंसं वाटतं. चतुष्टयावर हा आक्षेप अनेकदा घेतला जातो की ते लांबतं, त्यात घटना नाहीत. मला वाटतं ते लांबणं हाच त्याचा विषय आहे. मी माझ्या तीन वर्षांची गोष्ट कुणाला सांगायला गेले तर मलाही घटना सापडत नाहीत. काय झालं, असं आई विचारायची. काही नाही, असं मी म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

'झूल' या नावावर मी खूप वेळ थांबले. पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात ती झूल. रंगीत, आरसे लावलेली, त्या एका दिवसासाठी. गावात 'प्रोफेसर' म्हणून हाक मारतात तेव्हा अंगावर काय पडतं ते या शब्दात बरोबर आलं आहे. माझ्या गावी मला अजून 'प्रोफेसरबाई' म्हणतात. मी अ‍ॅपसाठी काम करते हे वडिलांनी कुणाला सांगितलेलं नाही.

पण चांगदेव आणि माझ्यात एक फरक आहे, आणि तो मी पहिल्या वाचनात बघितलाच नव्हता. चांगदेव कॉलेज सोडतो, पेशा सोडत नाही. तो एका गावातून उठतो आणि दुसऱ्या गावात त्याला नोकरी मिळते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, तालुक्यातालुक्यात कॉलेजं निघत होती, आणि इंग्रजीचा एमए झालेला माणूस त्यांना हवा होता. म्हणून चांगदेवला वैतागण्याची मुभा होती. त्याची तुसडी, तिरकस, स्वतःलाही न सोडणारी नजर आपल्याला आवडते, पण तशी नजर ठेवायला पायाखाली थोडी जमीन लागते. आज सीएचबीवाल्यानं तशी नजर ठेवली तर जूनमध्ये त्याला ऑर्डर येत नाही, आणि दुसऱ्या कॉलेजात जायला दुसरीकडे जागाच निघालेली नसते. चांगदेवसाठी सोडणं म्हणजे गाव बदलणं होतं. आमच्यासाठी तेच सोडणं पेशातून बाहेर पडणं झालं. माणूस तोच आहे, वैतागही तोच आहे, फक्त पुढचं गाव नाहीसं झालं आहे. तरुण शिक्षक हल्ली टिकत नाहीत असं जे म्हणतात, त्यांनी चतुष्टय वाचावं. तेव्हाही टिकत नव्हते. तेव्हा ते दुसरीकडे टिकायचे, एवढंच.

आणखी एक फरक आहे. चांगदेव एकटा पुरुष आहे. त्याचं बिढार एका ट्रंकेत मावतं. आमच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं बाळंतपणासाठी सुट्टी मागितली. तिला कुणी नाही म्हटलं नाही. पुढच्या वर्षीची ऑर्डर फक्त आली नाही. तिच्याबद्दल आता 'संसारात रमली' असं म्हणतात. मी लग्नानंतर पुण्याला येऊन नोकरी बघितली असती तर माझ्याबद्दलही हेच म्हटलं असतं, आणि कदाचित ते मला सोपं गेलं असतं. बाईनं सोडलं तर तिच्यासाठी कारण तयार असतं, तिला कुणी विचारायलाही येत नाही. म्हणूनच की काय, स्टाफरूममध्ये बसलेल्या बाईच्या डोक्यातून लिहिलेलं चतुष्टय मराठीत झालं नाही. कुणीतरी लिहावं. 'हळदीकुंकवाला सगळ्या मॅडमनी यावे' या सूचनेपासून सुरू करता येईल.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मला सलत राहिली, आणि ती नेमाड्यांच्या बाबतीतच जास्त. चतुष्टय मिटल्यावर मला आठवतात ते सगळे चेहरे स्टाफरूममधले आहेत, संस्थेतले आहेत, खोलीवर येणाऱ्या मित्रांचे आहेत. विद्यार्थी त्यात आहेत, पण गर्दीसारखे. वर्ग ही जागा जणू दोन वादांच्या मधली मोकळी तासिका आहे. उलट चितळे मास्तरांमध्ये वर्ग जिवंत आहे, एकेक पोरगं दिसतं, पण मास्तर माणूस म्हणून दिसत नाहीत. बाकावरून लिहिणाऱ्याला शिक्षक कळत नाही, आणि टेबलावरून लिहिणाऱ्याला शिक्षक का जातो ते कळतं, पण जाताना त्याच्या हातून काय सुटतं ते तो लिहीत नाही. जानेवारीत शिक्षक निघून गेल्यावर त्या वर्गाचं काय होतं? उरलेलं युनिट कोण घेतं? तिसऱ्या बाकावरची ती मुलगी, जिला नुकतंच कळायला लागलं होतं की कविता म्हणजे फक्त भावार्थ नव्हे, ती पुढे काय करते? एकाही पुस्तकात हे नाही.

त्या ज्येष्ठ सरांच्या बोलण्यातही ते नव्हतं. त्यांनी मला तळमळीबद्दल सुनावलं, पण माझे वर्ग आता कोण घेणार हे विचारलं नाही. कदाचित त्यांना ते माहीत होतं. कुणीच नाही.

माझ्यासाठी वर्ग ही त्या कॉलेजातली एकमेव खरी जागा होती. एफवायबीएच्या वर्गात चाळीस नावं आणि चौदा मुलं. बाकीची कंपनीत, शेतात, लग्न झालेली. ती चौदा रोज यायची. वर्गाचा पंखा आवाज करायचा म्हणून आम्ही तो बंद करून घामाघूम होऊन कविता वाचायचो. मी कंटाळून सोडलं असं जेव्हा लोक म्हणतात तेव्हा मला तो पंखा आठवतो. मला त्या वर्गाचा कंटाळा एकही दिवस आला नाही. तो आला असता तर मी राहिले असते. खोटी इतिवृत्तं लिहायची, विनोद करायचे आणि पुढच्या ऑर्डरची वाट बघायची. त्या खोलीतून बाहेर येऊन पाच मिनिटांनी 'एकही तक्रार प्राप्त झाली नाही' असं टाइप करायला बसणं मला जमेना.

परत केलेल्या वस्तूंच्या यादीत एक गोष्ट मी लिहिली नाही, कारण ती मी परत केली नाही. त्या चौदा जणांच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका. डिसेंबरात घेतलेली दहा मार्कांची चाचणी, तपासायची राहिली होती. ती बॅगेत तशीच पुण्याला आली. फेब्रुवारीत एका रविवारी मी त्या काढल्या, लाल पेन विकत आणलं आणि तपासल्या. ते मार्क आता कुठेही धरले जाणार नव्हते. एकेकाला त्याच्या पेपरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. बहुतेकांनी हात जोडल्याचे इमोजी पाठवले. एकानं विचारलं, मॅडम तुम्ही परत कधी येणार. त्याला मी काही लिहिलं नाही.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीला दहापैकी सात दिले होते. तिचा रात्री अकरा वाजता मेसेज आला. मॅडम, तीन कुठे गेले?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी तिला फोन केला आणि आम्ही पाऊण तास त्या तीन मार्कांबद्दल बोललो. अडीचवर तडजोड झाली.